बेचाळीस अंश

अजून तेच वाक्य:
आपला अर्ज प्रशासकीय प्रक्रियेत आहे.
सकाळी सातला बघते, चहाआधी,
मग स्वतःला बजावते, आता रात्रीच,
आणि साडेआठला पुन्हा.

धाकटीच्या लग्नाला आले होते, तीन आठवड्यांसाठी.
मुंबईत खिडकीतल्या माणसाने विचारलं, नेमकं काय करता?
म्हटलं, यीस्ट. पाव फुगवतं ते.
त्याला तापवते आणि बघते, कसं तगतं.
त्याने काहीतरी टाइप केलं, बराच वेळ,
पासपोर्ट ठेवून घेतला, एक पांढरी चिठ्ठी दिली.
धाकटीची मेंदी उतरली.
चिठ्ठी आहे.

गोळीबार चौकात बाबांचं दुकान,
पराते कूलर, दुरुस्ती व विक्री.
मी फोन घेते, पत्ते लिहिते, जुन्या ताट्या उपसते.
पंप जळलाय की नुसता अडकलाय
हे आवाजावरून कळायला लागलंय.
"डॉक्टर झाली म्हणे पोरगी?" गिऱ्हाईक विचारतं.
"व्हायची हाय," पान्यावरून नजर न उचलता बाबा,
"सध्या कूलरची होऊन राहिली."

काल त्यांनीच विचारलं,
"तुह्या त्या यीस्टले किती तापवते वं तू?"
बेचाळीस.
ते हसले, ठसका लागेपर्यंत.
"बेचाळीसले तर आपण लग्नं लावतो, बाई."

दारातला पारा तेव्हा सेहेचाळीस.
मी सांगत बसले:
प्रत्येक प्रथिनाची एक घडी असते, घडी आहे तोवर काम.
उष्णतेने ती उलगडते, एकात एक गुंतते,
गोळा होतो, उकडलेल्या अंड्यासारखा.
पण काही रेणू नेमके अशाच वेळी धावतात,
सुटलेली टोकं धरून ठेवतात.
बाबा हातमागाखाली रांगलेले.
म्हणाले, "म्हणजे तुटला धागा सांधते तो पोऱ्या.
त्याले पगार सगळ्यात कमी भेटे."
वहीत लिहून ठेवलं.
प्रबंधात बसणार नाही.

रात्री साडेनऊला तिकडे सकाळचे अकरा.
माझ्या चौकोनामागे कूलर धडधडतो,
सर विचारतात, तिथे पाऊस पडतोय का?
मी माइक बंद करते.
जूनपासून स्टायपेंड थांबेल,
हे फार सभ्य भाषेत कळवलंय.

फरनूश उणे ऐंशीच्या फ्रीझरमधून फोटो पाठवते:
माझे डबे, माझं अक्षर, वर बर्फाची साय.
तिने बजावलं होतं, जाऊ नकोस.
पाच वर्षं ती शिराजला गेलेली नाही,
वडिलांना शेवटचं तिने फोनवरच पाहिलं.
आणि मी तिला म्हटलं होतं,
आमच्या लोकांचं तसं होत नाही गं.
"दोन डबे मागे सरकवले," ती लिहिते.
"दार नीट लागत नव्हतं. मी रोज बघते."

आईने माझी बॅग माळ्यावर टाकली,
तिसऱ्या दिवशी न बोलता खाली आणली.
जाड कोट दोरीवर घातलाय, कसर लागू नये म्हणून.
शेजारचं पोर त्यात हात घालून बघतं,
चटका लागल्यासारखं काढून घेतं.

दुपारी दोनला फोन: पाचपावली, म्हातारं माणूस, कूलर बंद.
बाबांना जेवणावरून उठवत नाही.
पंप, पाना, ताट्यांचा जोड स्कूटीवर,
तोंडाला दुपट्टा.
रस्त्यावर कुत्रं नाही.

पंपाने आधी हवा ओकली, मग गढूळ पाणी,
मग पाणी.
खाटेवरून आजोबा: "कोणाची वं तू?"
परातेंची.
"ते अमेरिकेत होती, तेच का?"
आहे, मी म्हणते.
दीडशे झाले.
ताट्या भिजू द्या दहा मिनिटं,
मग पंखा लावा.