विरजण

शालन म्हणाली, "आमच्या आईचा जन्म गेला
न्हाणीतलं शेवाळ काथ्यानं घासण्यात,
आणि तुम्ही तेच दीडशे रुपयाला आणलंसा?
वर पिशवीला गाठ मारून?"

खरं होतं.
लक्ष्मीपुरीतल्या इर्शादच्या दुकानातलं,
बशीएवढ्या जाळीवर बसलेलं हिरवं.
"जावा मॉस, काका. मरत न्हाई.
फक्त घाई करू नका."

घाई मला कधीच जमली नाही.
एकतीस वर्षं उद्यमनगरात साचे थापले.
काळी वाळू मुठीत दाबायची,
मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे राहिले तर ओल बरोबर.
मग लोखंड यायचं, पांढरंफेक,
आणि भुवया करपायच्या.
पंपाच्या बॉड्या, व्हॉल्व्ह, गिअरचे डबे:
माझ्या हातून निघालेलं सगळं जड होतं.

आता चिमट्यात धरतो ते इतकं हलकं
की शिंक आली तर शोधत बसावं लागेल.
दगडावर पातळ पसरायचं, थालीपिठासारखं.
जाड थर खालून कुजतो,
वरून दिसतो हिरवागार.
मग काळा दोरा, आडवा, तिरका, पुन्हा आडवा.
आवळायचा नाही.
पहिल्या खेपेला मी आवळला,
साच्याच्या पेट्या आवळायची सवय.
पंधरा दिवसांत दोऱ्याखाली सगळं तपकिरी.

हळूहळू कळत गेलं.
नळाचं पाणी रात्रभर बादलीत उघडं ठेवायचं, वास जाईपर्यंत.
रविवारी चौथाई बदलायचं.
उजेड सहा तास,
जास्त झाला की त्याच्यावर दुसरंच केसाळ शेवाळ चढतं,
ते जुन्या टूथब्रशला गुंडाळून ओढायचं.
(शालन: "म्हणजे शेवाळाला पण शेवाळ येतंय.")
एप्रिलात पाणी तिशीला पोचलं
तेव्हा बर्फाची बाटली सोडली टाकीत
आणि थर्मामीटर धरून बसलो पहाटेपर्यंत.
चौदाशे अंशांत हयात काढलेला माणूस,
चार अंशांसाठी जागा.

वाढलं की कातरायचं, फिल्टर बंद करून,
नाहीतर तुकडे टाकीभर हिंडतात
आणि नको तिथं रुजतात.
कातरलेलं टाकवेना.
शालन वाटीतून विरजण देते गल्लीत,
तसं मी औषधाच्या डब्यांतून वाटू लागलो:
तालमीपलीकडच्या कंपाउंडरला,
इस्त्रीवाल्या पोराला,
राजारामपुरीतल्या भूपाल मगदूमला,
ज्याचा डावा कान ग्राइंडरनं खाल्ला.

ऑगस्टात पंचगंगा शुक्रवार पेठेत आली.
पायरी, उंबरा, मग टीव्हीचं टेबल.
नऊ दिवस शाळेच्या वर्गात,
लहान मुलांच्या बाकांवर झोपलो.
परतलो तेव्हा टाकी काठोकाठ गाळानं भरलेली.
हात घालून दगड काढला.
दोरा तसाच होता, एक वेढा सुटला नव्हता.
त्याच्याखाली काही नव्हतं.
"गप्पी मासे गेले असतील नदीला," शालन म्हणाली.
मी हो म्हणालो.
मग दोघांनी मिळून भिंती धुतल्या.

दिवाळीच्या अलीकडं भूपाल आला, दम लागलेला,
हातात दह्याचा डबा.
"तुझंच हाय," तो ओरडला,
बहिरा मीच असल्यासारखा.
"माझ्याकडं लई झालंय. कुठं ठेवू?"

शालन चमचा घेऊन आली,
झाकण काढलं
आणि तशीच उभी राहिली.
डब्यात तळाला थोडं पाणी,
पाण्यात तो गुंता,
बारीक बुडबुडे अजून अडकलेले.

चमचा ठेवून ती शिलाईच्या डब्यात शोधू लागली.
"काळा संपलाय. हिरवा चालंल?"

चालंल, म्हटलं.
फक्त आवळू नको.