उरलेली खुंटी

तिसराही मदरबोर्ड गेला.
पंखा दोनदा गरगरला, मग गप्प.

पॉवर सप्लाय बदलून झाला,
रॅमच्या पट्ट्या एकेक काढून पाहिल्या,
कंपनीला दोन पत्रं लिहिली, दुसरं जरा तिखटच.
स्वॉन्झीत चार वाजताच अंधारून येतं;
टॉर्च दातांत धरून मी खोक्यात डोकं खुपसलेला.

शेजारचे ग्विलिम, पूर्वी बोटीवर वायरमन,
मल्टीमीटर घेऊन आले. चहा नको म्हणाले.
चष्मा कपाळावर ढकलून बोर्ड उचलला,
खाली बोट टेकवलं:
"ही कशाला?"

पितळेची एक खुंटी.
वर बोर्डाला भोकच नाही,
तरी सोल्डरला खेटून उभी.

मीच बसवली होती, पहिल्याच दिवशी.
भोकं आठ, पुडीत खुंट्या नऊ.
टाकवेना.

ग्विलिमनी ती पिळून काढली,
माझ्या तळहातावर ठेवली,
आणि म्हणाले, आता चहा चालेल.