उद्यमनगर, दुपारचा चहा

दस्तगीर म्हणतो, इंजिनं दोनच पायजेत,
एक मेलं तर दुसऱ्यावर घरला येतंय.
हिंदुराव म्हणतो, मग रॉकेल दुप्पट,
आणि रडारवर ढोल वाजवत जाणार व्हय?

परवा कुठल्याशा लांबच्या देशात विमान पडलं.
दोघांच्या फोनवर धूर एकच.
त्यातनं दोघांनी आपापलं खरं काढलं.

"न दिसणारं इमान म्हंजे काय रं?"
पोऱ्यानं चहा ओतता ओतता विचारलं.
"अंगाला तेल चोपडलेला गडी," हिंदुराव,
"समोर हाय, पण गावत न्हाई."

कोपऱ्यात चौगुले अण्णा,
वीस वर्षं हवाई दलात फिटर.
वादात पडत नाहीत.
एकदाच म्हणाले, "खाली आल्यावर चाकं तापलेली असतात.
पायलट शिडी उतरतो
आणि पहिल्यांदा मुतायची जागा विचारतो."
सगळे हसले.
अण्णा नाही.

सव्वातीनला लेथ सुरू.
चारशे ब्रॅकेटं, भोक दहा मायक्रॉनच्या आत,
ड्रॉइंगवर नाव नाही, नुसता नंबर.
माल पुण्याला, पुढं बोटीनं कुठं
ते मालकालाही ठाऊक नाही.

दस्तगीरनं एक नग उजेडात धरला, फुंकर मारली.
"ट्रॅक्टरचा असंल."
"ट्रॅक्टरला दहा मायक्रॉन?"
हिंदुराव पुढं काही बोलला नाही.

अण्णांनी तो घेतला,
भोकाच्या कडेवरनं अंगठा फिरवला,
परत एकदा फिरवला.
कुठं बसतो ते सांगितलं नाही.
चष्मा पुसत म्हणाले,
"हितं बर राहिलीय. काढ."