एकोणपन्नास

रॅनफर्लीतल्या दुकानात, कुंपणाची तार आणि
मेंढ्यांच्या जंताचं औषध यांच्या मधल्या काउंटरवर
मी उभा असतो. लोक विचारतात.

हो, पॉइंट टू-टू सशाला पुरे.
हरणाला नाही, हाल होतील त्याचे.
हो, मंद गोळीचा आवाज कमी, शेजारचा ससा
नुसते कान टवकारतो, पुन्हा चरायला लागतो.
नाही, रिकामी टोपणं पुन्हा भरता येत नाहीत,
ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेत असतो
आणि कड एकदा चेपली की चेपली.
खडकावर तेवढी मारू नका.
ही चिमुरडी खडकाशी हुज्जत घालत बसत नाही,
वळते आणि भलत्याच्याच दारी जाते.

"आणि नेम चुकला तर? कुठवर?"
दीड किलोमीटर, मी म्हणतो.
मग सगळे गप्पकन खिडकीबाहेर बघतात.
तिथं कुणाची तरी धुणी वाळत असतात.

मे महिन्यात, पहिल्या दंवाच्या आठवड्यात,
नोला ट्रेगिअर आली. मर्व्ह जाऊन दीड महिना झालेला.
रायफल मुलानं नेली, परवाना आहे त्याच्याकडं.
ही डबी मात्र शेडमध्ये, खिळ्यांच्या मागं सापडली.
झाकणावर किमतीची चिठ्ठी, अक्षर माझंच.

"जुनी झाली की काय होतं यांचं?"
काही पेटतात, काही नाही. आधी कळत नाही.
"पन्नासची असते ना डबी? मी दोनदा मोजली."

मला तो दिवस आठवला. मर्व्ह टोपी हातात घेऊन
इथंच उभा होता: "सुटं एकच मिळेल का रे?"
सुटं विकत नाही आम्ही, मी म्हणालो होतो,
आणि का ते विचारलं नव्हतं.

कधीकधी कारखान्यातच एखादं कमी...
मी सुरुवात केली. तिनं पुरं करू दिलं नाही.

"फ्लॉस डोंगरात गेली म्हणाला होता.
मागचे पाय ओढत डोंगरात.
मी तीन दिवस शिट्ट्या मारत फिरले,
तोही माझ्याबरोबर फिरला."

बाहेर ट्रकमधून कुणाचं तरी कुत्रं भुंकलं.
तिनं डबी माझ्याकडं सरकवली, एका बोटानं.

"म्हणजे एकातच," ती म्हणाली.

एकातच, नोला.

वहीत मी लिहिलं: काडतुसं, परत आलेली, ४९.
ती जाताना दाराशी थांबली,
थाइमच्या रोपांवरची धूळ फुंकली,
आणि एक रोप घेऊन गेली. पैसे द्यायचे राहिले.
मीही हाक मारली नाही.