आडवा सात

मंगळवारी दहाला ग्रंथालय उघडतं
आणि आम्ही पाच-सहा जण खिडकीजवळचं टेबल अडवतो.
बाहेर हॅलिफॅक्सचा चढ, ओले दगड,
धापा टाकत वर चाललेली बस.
हॅरल्ड जुन्या घड्याळांची पोटं उघडून बसतो.
मॉरीन वर्तमानपत्रातलं शब्दकोडं पेनानं सोडवते,
पेन्सिलीनं नाही. त्याचा तिला फार अभिमान.
मी चौकटी आखते.

तीस वर्षं इथल्या इस्पितळात लोकांची हाडं पाहिली,
काळ्यावर पांढरी.
आता कागदावर तेच, काळी घरं, पांढरी घरं,
फक्त कुणी कण्हत नाही.

मॉरीन एकदा वाकून म्हणाली,
आमच्याकडे एका घरात एकच अक्षर राहतं.
तुमचं हे काय, डोक्यावर मात्रा, पायाशी उकार,
भिंतीला टेकून काना?
म्हटलं, बाई, आमच्यात जोडाक्षरंसुद्धा
एकाच खोलीत संसार करतात.
ती हसली. मग तिच्या कोड्यातलं एक रिकामं घर
उगाच गिरवत बसली.

माझं कोडं मिरजेला जातं,
सिंधूअक्काकडे, दर आठवड्याला, फोटो काढून.
भाचेसून अश्लेषा ते मोठ्या घरांचं छापून देते
आणि अक्कानं भरलं की उलट पाठवते.
शब्दकोडी मला अक्कानंच शिकवली.
मी दुसरीत, ती मॅट्रिकला,
रविवारच्या पुरवणीवरून झोंबाझोंबी.
एकदा तर पुरवणी मधोमध फाटली,
उभे शब्द तिच्याकडे, आडवे माझ्याकडे.

डॉक्टर सांगतात, डोकं गुडघ्यासारखं असतं,
हलवत राहा.
राहते हलवत.
पण अक्काही साठ वर्षं हलवतच होती की.
लेखी कुणी देत नाही.

या खेपेला आडवा सात होता:
पायाखाली असते, तीन अक्षरी.
माझ्या मनात जमीन.
अक्कानं लिहिलं चप्पल,
ल जरा घराबाहेर घसरलेला.

चूक तरी कसं म्हणू?
असतेच की पायाखाली.
पण मधल्या घरातून माझं मीठ खाली उतरत होतं
(खाल्लं की जागावं लागतं, दोन अक्षरी),
तिथं आता प्प,
आणि खाली ठ एकटाच, कुणाची वाट बघत.

पूर्वी लगेच फोन करून हिणवलं असतं,
अक्का, नीट बघ.
परवा म्हटलं, बरोबर आहे.
आणि रात्री दिवा लावून खोडरबर घेतलं.

प्पपासून मराठीत काही सुरू होत नाही.
तो नेहमी कुणाच्या तरी मागे उभा.
गप्प बसत होतं, दोन घरांत काम झालं असतं.
नाही घातलं.
मग थप्पड. एकटीच हसले,
पुरवणी फाटली त्या दिवशीची अजून गालावर आहे.
तीही नको.

मधलं मी खोडलं.
वरचं काळं घर पांढरं केलं,
शेजारचे तीन शब्द सरकवले,
एका नदीवर पाणी सोडलं.
खाली स्वयंपाकघरात फ्रिज दोनदा थरथरून थांबला
तेव्हा कुठे सुचलं:
छ, मग तिचा प्प, मग र.
डोक्यावर असतं, तीन अक्षरी.
छप्पर!
त्या वेळी घरात सांगायला कुणी नव्हतं,
म्हणून घड्याळालाच सांगितलं, पावणेतीन.

बुधवारी कोडं पुन्हा पाठवलं, नवं म्हणून.
शुक्रवारी अश्लेषाचा फोटो आला.
आडव्या सातात, सुबक अक्षरात,
अगदी घराच्या आत:
जमीन.

खोडरबर कुठे ठेवलंय
ते मी शोधतेय.