चिबूड, कर्वेनगर

पाळंदेबाईंनी निवृत्तीच्या दिवशी बिया दिल्या,
लाइट बिलाच्या पाकिटात, राखेत घोळलेल्या.
म्हणाल्या, मुरुडचं वाण आहे,
दुकानात मिळायचं नाही. हरवू नका.

पार्किंगच्या कडेला आठ फूट माती माझी,
म्हणजे माझी नाही, पण कुणी विचारत नाही.
वेल निघाला तो भिंत सोडून
थेट हर्डीकरांच्या अ‍ॅक्टिव्हावर चढला.
सेक्रेटरींचं पत्र आलं.
मी शेंडा उचलून परत भिंतीकडे वळवला,
झोपलेल्या मुलाचा हात बाजूला ठेवावा तसा.

पानांवर भुरी आली, आंबट ताक शिंपडलं.
सकाळी सातला नरफूल खुडून
मादीफुलाला टेकवलं, या वयात, गाऊनवर,
वरच्या गॅलरीतून बघतायत हे माहीत असून.

तीन धरले.
एक फळमाशीने नासवला, एक घुशीने नेला.
उरलेल्याला जुन्या परकराची पिशवी शिवली.

आता अडचण अशी, की
चिबूड पिकला हे नाकाला कळतं
आणि माझं नाक चार वर्षांपूर्वीच्या तापात गेलं.
फोडणी करपते ती मी डोळ्यांनी बघते.

म्हणून रोज संध्याकाळी
वॉचमन गंगाधरची शिवकांता
दप्तरासकट ओणवी होऊन वास घेते.
"नाही काकू. काकडीचाच येतोय अजून."
आठव्या दिवशी ती बोललीच नाही.
तिथंच बसून राहिली, पिशवीला नाक लावून.
मग ओरडली, "काकू, हे तं शेंदाड हाय!"

देठाशी चीर गेली होती.
हात लावला, सुटला.

बिया चाळणीत काढल्या.
फोडींवर गूळ किसला, मिठाची कणी.
दोन वाट्या, पार्किंगच्या पायरीवर.
माझ्या जिभेला गोड, गार, रवाळ,
एवढंच.
विचारलं, कसा गं येतो वास?
तोंड भरलेलं तिचं. बराच वेळ घेतला.
"मुखेडहून येताना मायच्या पिशवीत असतंय ना,
तवा एस्टीतले सगळे वळून बघतेत.
तसा."

मी आणखी एक फोड तोंडात घातली
आणि वळून बघितलं.

हर्डीकर गाडी काढायला आले होते.
किल्ली लावून तसेच उभे,
स्टार्टर न मारता,
मान जराशी वर.

मी तिसरी वाटी आणायला उठले.