मोड

सेलूच्या मोंढ्याकडून स्टेशनला जाताना
डाव्या हाताला आमचं भांड्यांचं दुकान.
पाटी बापूंनी स्वतः रंगवलेली,
'येथे तांब्या-पितळेची मोड घेतली जाईल.'

पाटीखाली, ऊन चढेपर्यंत, ताहेराबी बसते
ओल्या धडप्यात मटकी आणि हुलगे घेऊन.
येणारा-जाणारा पाटी वाचतो, तिच्याकडं बघतो,
"मोड घेतो म्हणं, अन् ही बाई तर विकाललीय!"
तिला अक्षर येत नाही.
रोजचा हा विनोद
ती जागेचं भाडं समजून हसून भरते.

तिच्याकडं तो मोड.
एका रात्रीत येतो, पांढरा, जरासा वाकडा.
माझ्याकडं ती मोड.
पोचे पडलेली घागर, कान तुटलेलं घंगाळ,
यायला वीस-वीस वर्षं लावते.

परवा एकजण डबा घेऊन आली.
पितळी, झाकणासकट, चिंचही न लागलेला.
काठावर कोरलेलं :
चि. सौ. कां. सत्यशीला हिस, मामांकडून, मानवत.
भारीतल्या साडीची घडी आजच मोडलेली,
पाठीवर आडव्या-उभ्या रेषा तशाच.
मी काही विचारलं नाही.
आमच्या धंद्यात क्रियापद एकच असतं.

"नाव घासून निघतं का?"
"वितळल्यावर निघतं."
तराजूत टाकला, एक किलो एकशेचाळीस.
मोडीचा दर सांगितला. पाचशेची नोट दिली,
वरचे पैसे थांबा म्हटलं, खिसे चाचपले.

तेवढ्यात ती पायरी उतरून ताहेराबीपुढं,
"पावशेर मटकी."
ताहेराबीनं नोट उन्हात धरली,
"इसकी मोड नै मेरे पास."
ती माझ्याकडं वळली. माझ्या गल्ल्यातही नव्हती.
समोरच्या पानवाल्यानंही मान हलवली.
आख्ख्या मोंढ्यात त्या घडीला
एका नोटेची मोड नाही.

ती जराशी उभी राहिली.
मग नोट माझ्या पाटावर ठेवली,
तराजूतला डबा उचलला
आणि झाकण काढून ताहेराबीपुढं धरला.
"पैसे कल देव, माय," ताहेराबी म्हणाली,
दोन मुठी जास्तीच्या टाकल्या.

मी वहीतलं वजन खोडलं.
खोडलेलं अजून वाचता येतं, एक किलो एकशेचाळीस.
आता त्यात पावशेर धरा, वरच्या मुठी धरा.
झाकण घट्ट लावू नका, एवढं सांगायचं राहिलं.